सृष्टीचे कारभारी अन् एक फ्लेक्सवाला

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते दुकानात चहा प्यायला आलेल्या माणसासारखे येतात, स्टूल ओढतात, अन् मग उठायचं नावच घेत नाहीत! गेल्या वर्षभरात आमच्या मंडळीत जे जे झालं ते मी कोणाले सांगितलं का तो पोट धरून हसते, अन् जाता जाता म्हणते, "दाविदभाऊ, हे लिहून ठेवा." मी म्हणतो, अरे बाबा, आधी मले समजू तर दे!

कारण खरं सांगतो, यातलं अर्धं मले अजून समजलेलं नाही.

आधी ओळख करून देतो. मी दाविद. खामगावात माझं फ्लेक्सचं दुकान. पहिले मी पेंटर होतो, ब्रशनं पाट्या लिहायचो. बारा वर्षांपूर्वी मशीन घेतली अन् ब्रश माळ्यावर गेले. वाढदिवस असो, निवड असो, निधन असो, माणूस माझ्याच पायरीवर यायचा. बायको रूथ, एक पोरगी नर्सिंगले. सगळं घर त्या मशीनवर चालायचं. अन् रविवारी मी आमच्या चर्चचा वडील. वडील म्हणजे बाप नव्हे! आमच्यात चर्चचं कामकाज पाहणाऱ्या पंचाले वडील म्हणतात. अन् मंडळी म्हणजे बायको नव्हे, चर्चची माणसं. एकोणीस घरं आहेत आमची. हे दोन शब्द ध्यानात ठेवा, नाहीतर पुढं तुमचाही गोंधळ होईल.

अन् हो, मी अक्षरं लिहिणारा माणूस. लिहिताना भाषा जराशी धुऊन-पुसून घेतो. पण डोकं फिरलं का मले-तुले सुटतेच. घ्या समजून.

*

नवीन पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, नगरकडचे. भाषा एकदम शुद्ध, कडक इस्त्रीची. पहिल्याच रविवारी उपदेशाले उभे राहिले अन् म्हणाले, "देवाने आदामाला बागेत मालक म्हणून ठेवलं नव्हतं. राखण करायला ठेवलं होतं. बंधूंनो, आपल्यापैकी प्रत्येक जण सृष्टीचा कारभारी आहे!"



आता आमच्या इकडे कारभारी म्हणजे नवरा. बाया नाही म्हणत, "आमचे कारभारी वावरात गेले"? तोच. अन् सृष्टी म्हणजे आमच्या योनाभाऊची पोरगी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले, बसते तिसऱ्या बाकावर. सगळ्या चर्चच्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. पोरीनं ओढणी तोंडावर घेतली.

पाळकसाहेबाले वाटलं, उपदेश काळजाले भिडून राह्यला. ते आणखी जोरात म्हणाले, "मी स्वतः सृष्टीचा कारभारी आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे!"

त्यांच्या मिसेस पहिल्या बाकावर होत्या. सगळ्या चर्चमध्ये त्याच तेवढ्या निवांत बसून होत्या, त्यायले अर्थ ठाऊक होता ना!

शेवटी योनाभाऊ उठला. हात जोडून म्हणे, "पाळकसाहेब, माफी असावी. पण तिचं अजून ठरलं नाही!"

*

सृष्टी म्हणजे झाडं, पाणी, हवा, जनावरं, अन् कारभारी म्हणजे देवानं नेमलेला राखणदार, हे घरोघर समजायले दोन रविवार लागले. मग पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येक घरानं वर्षभराचा एक नेम लिहायचा. देवाच्या जगाले आपल्या हातून त्रास होते असं एक काम सोडायचं. नाव टाकायचं नाही. ते वाचतील अन् सगळे मिळून प्रार्थना करू.

वाचायले लागले. "नळ चालू ठेवून ब्रश करणार नाही." आमेन. "बोरचं पाणी अंगणात मारणार नाही." आमेन. "शेजारणीबद्दल बोलणार नाही." इथं पाळकसाहेब जरा अडखळले. मग म्हणाले, "हरकत नाही. वातावरण यानेही शुद्ध होतं."

एका चिठ्ठीवर होतं, "गुटखा सोडीन." अन् खाली दुसऱ्याच अक्षरात, "दरवर्षी म्हणतात. विश्वास ठेवू नये."

मग एक कोरी चिठ्ठी निघाली. पाळकसाहेबांनी उलटी-सुलटी करून पाहिली. "ही कोणाची?"

मागच्या बाकावरून एस्तेरआजी ओरडली. आमच्यातली सगळ्यात म्हातारी, तोंडाले कुलूप नाही. "दाविदची असन! तो फुकट लिहीत नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. पण चिठ्ठी माझीच होती.

काय लिहू मी? बाकीच्यांचं प्लॅस्टिक म्हणजे भाजीची पिशवी. माझं प्लॅस्टिक म्हणजे रोज वीस-वीस फुटांचे थान. ते सोडतो लिहिलं तर राहिलं काय? घरी आल्यावर रूथनं विचारलं, "कोरी काऊन टाकली?"

मी म्हटलं, "लिहिलं असतं तर करा लागलं असतं."

"अन् केलं असतं तर खाल्लं काय असतं?"

दोघांचंही बरोबर होतं. तिथंच तर वांधा झाला.

*

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे आमचा उपवासकाळ. पाळकसाहेब म्हणाले, "यंदा आपण प्लॅस्टिकचा उपवास करू या."

"बापा!" एस्तेरआजी म्हणे. "प्लॅस्टिक कोन खाते?"

पाळकसाहेबांनी शांतपणे समजावलं. खायचं नाही, वापरायचं नाही. आजीनं ऐकून घेतलं. मग म्हणे, "म्हंजे उसळ चालते ना?" आमच्या इकडे साबुदाण्याच्या खिचडीले उसळ म्हणतात.

"चालते आजी. फक्त साबुदाणा पिशवीतून आणू नका."

अन् खरं सांगतो, आम्हा सगळ्यांत तो उपास पाळला फक्त त्या म्हातारीनं. चर्चच्या मागच्या गल्लीत एकटी राहते, दम्याची पेशंट, पण स्टीलचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायची. तेल डब्यात, दाळ डब्यात. एक दिवस चहासंग खायले बिस्किटं पाहिजे होती. दुकानदार भला माणूस. त्यानं पुडा फाडला, बिस्किटं डब्यात ओतली, अन् वरचा कागद आपल्या टोपलीत फेकला. म्हणे, "घे आजी, तुहा उपास नाही मोडला. प्लॅस्टिक माह्याकडे राह्यलं."

आजी घरी आली, पण बिस्किट घशाखाली उतरेना. रविवारी भर उपासनेत उभी राहिली. "पाळकसाहेब, मले एक सांगा. उपास मोडला कोनाचा? माहा का त्याचा? तो तं ख्रिस्ती बी नाही!"

पाळकसाहेबांनी बायबल उघडलं. दोन पानं उलटवली. मग बंद केलं.

"या विषयावर आपण प्रार्थना करू या," म्हणाले.

*

जूनमध्ये पाळकसाहेबांनी झाडं लावायची खास उपासना ठेवली. निमंत्रणाचा विषय निघाला तसे म्हणाले, "कागद नको. आणि ते..." इथं माझ्याकडे न पाहता, "ते दुसरंही नको. मोबाईलवरच पाठवू."

माझ्या दुकानात कॉम्प्युटरवर वैशाली बसायची. नऊ वर्षं झाली होती. तिचा हात इतका चालते का मजकूर पुरा वाचायच्या आधी डिझाइन तयार! मी त्या दिवशी शाई आणायले अकोल्याले गेलो होतो. पाळकसाहेबांचा मेसेज थेट तिच्या मोबाईलवर आला: "सृष्टीचे कारभारी. रविवार, सकाळी दहा. सर्व मंडळींनी अगत्य यावे. स्वागतास वडील उभे राहतील. नंतर प्रीतिभोजन. तयार होताच सर्वांना पाठवावे."

आता तुम्हीच सांगा. कारभारी, मंडळी, वडील, प्रीतिभोजन! तिनं काय समजावं?

संध्याकाळी मी आलो तर स्क्रीनवर सोनेरी बॉर्डर, सनई-चौघडा, दोन बदाम एकमेकांत अडकलेले, अन् मधात ठळक अक्षरात 'चि. सौ. कां. सृष्टी'.

"वैशाली! हे काय केलं?"

"भाऊ, त्यायनं नवरदेवाचं नावच देल्लं नाही. नुस्तं कारभारी लिहिलं. म्या जागा सोडून ठेवली."

"अन् पाठवलं?"

"हाव. दुपारीच, तुमच्या चर्चच्या ग्रुपवर."

मोबाईलवरची वस्तू, कोण अडवणार? योनाभाऊचा साळा मलकापूरले राहते, त्याचा रात्री फोन. "दाजी, भाचीचं लग्न अन् आम्हाले व्हॉट्सअॅपवर समजावं? आम्ही मेलो का?" योनाभाऊनं कपाळ बडवून घेतलं. पत्रिका खोटी हाय म्हणून सांगितलं तर साळा म्हणे, "आता लपवू नका."

रविवारी चर्चच्या दारात पाहुणेच पाहुणे. कोणाच्या हातात स्टीलची घागर, कोणाच्या हातात मिक्सर! सृष्टी बिचारी परीक्षेसाठी अमरावतीले. योनाभाऊ दारात उभा राहून सांगून राह्यला, "लग्न नाही हो! झाडं लावाची हाय!" कोणी ऐकेल तर शपथ. सगळ्यांनी एकेक कडुनिंबाचं रोप लावलं, पत्रावळीवर जेवले, हात धुतले.

निघताना मलकापूरच्या साळ्यानं पाळकसाहेबांचा हात हातात घेतला. "साहेब, लगन पाह्यलं तं असं! ना डीजे, ना थर्माकोल, ना एक प्लॅस्टिकचा गिलास. मन भरून आलं. फक्त नवरा-नवरी दिसले नाहीत!"

*

त्याच कडुनिंबाच्या रोपांले जाळीचं कुंपण पाहिजे होतं. त्याच्या परवानगीसाठी मी एका ऑफिसात गेलो. कोणतं ते विचारू नका, साहेब सज्जन होते.

"आपण कोण?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"मी मंडळीचा वडील."

त्यांनी वर पाहिलं. "मंडळी कुठं असते?"

"टेकडीकडे. एकोणीस घरांत."

पेन थांबला. "एकोणीस घरांत?"

"हो. पण रविवारी सगळी एका जागी येते."

साहेबांनी चष्मा काढला. "अन् तुम्ही तिचे वडील."

"मी एकटा नाही साहेब," मी म्हटलं. उगाच मोठेपणा कशाले घ्या? "आम्ही पाच जण आहोत."

साहेब खुर्चीतून उठले, स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास आणून दिला, अन् एकदम मऊ आवाजात म्हणाले, "काका, तुम्ही बसा निवांत. घरून कोणाले बोलावू का?"

*

हा पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही. पण तो सांगितल्याशिवाय बाकीचं समजणार नाही, म्हणून सांगतो.

दिवाळी झाली होती. त्या महिन्यात फ्लेक्सचं काम एवढं होतं का मशीन थंड होत नव्हती. कार्यक्रम झाला का लोक फ्लेक्स काढतात, गुंडाळतात अन् कुठंही फेकतात. एका रविवारी आम्ही प्रार्थनेत डोळे मिटून उभे, अन् खिडकीतून काळा धूर आत. आधी पोरं खोकली, मग बाया, मग पाळकसाहेबांचा आवाज बसला. मागच्या गल्लीत कोणीतरी कचऱ्याच्या ढिगाले काडी लावली होती.

वास मले ओळखता येते. बारा वर्षं त्याच वासात बसलो. मी पळत मागं गेलो. ढिगात एक जाडजूड गुंडाळी जळून राह्यली होती. एका पुढाऱ्याचा अर्धा चेहरा, जोडलेले हात, अन् खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझ्या दुकानाचं नाव. योनाभाऊ माझ्या बाजूले येऊन उभा राहिला. त्यानं ते वाचलं. 

एस्तेरआजीचं घर ढिगाले लागूनच. ती दारातच बसली होती, श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते. रिक्षात टाकून दवाखान्यात नेली. ऑक्सिजन लावला. मी दिवसभर तिच्या पायाशी बसून होतो अन् मनात एकच, देवा, हिले काही झालं तर मी कोणाले तोंड दाखवू? लाज वाटली. भीती वाटली. सरळ सांगतो, रडलो.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले. तोंडावरचा मास्क बाजूले सारला.

"दाविद, ते जळत होतं, ते योनानं पाह्यलं म्हने."

"हो आजी."

"म्हने, जळता जळता बी अक्षर लय सुबक दिसत होतं."

अन् मास्क परत लावून झोपली. चार दिवसांनी धडधाकट घरी आली. पण ती तारीफ होती का शिक्षा, हे मले आजपर्यंत समजलं नाही.

*

सोमवारी मी वैशालीले म्हटलं, "मशीन बंद."

"किती दिवस?"

"कायमची."

तिनं माऊस खाली ठेवला. "वा भाऊ! नेम तुमचा, अन् नोकरी माही!"

 मी देवाचं जग वाचवायले निघालो, अन् नऊ वर्षं समोर बसणारी पोरगी माझ्या हिशेबातच नव्हती. मग मी कॉम्प्युटर तिलेच दिला. ती घरून मोबाईलवरच्या पत्रिका करते. त्या बिननवऱ्याच्या पत्रिकेनं तिचं नाव झालं होतं ना! जमून राह्यलं म्हणते. मले बरं वाटावं म्हणून म्हणत असंल, कोण जाणे.

घरी रूथले सांगितलं. ती भाकर थापत होती, हात थांबला. "मग खाऊ काय? ब्रश?"

भाकर तव्यावर टाकली ती आपटूनच. सकाळी उठून पाहतो तर माळ्यावरचा ब्रशचा डबा खाली काढलेला, अन् दगडासारखे कडक झालेले ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत ठेवलेले.  

त्याच आठवड्यात बाळूभाऊ आला. हा पार्टीचा कार्यकर्ता, माझं जुनं गिऱ्हाईक. "दाविदभाऊ, साहेबांचा वाढदिवस. पन्नास फ्लेक्स टाका."

"बंद केलं बाळूभाऊ."

"मशीन बिघडली?"

"नाही."

"शाई संपली?"

"नाही."

"मग काऊन बे?"

मी म्हटलं, "मनाले पटत नाही आता. जळते ते, माणसाच्या छातीत जाते."

बाळूभाऊनं चहाचा कप हळूच खाली ठेवला. डोळे बारीक केले. "समोरच्या पार्टीनं फोडलं का तुम्हाले?"

"अरे नाही! पार्टीचा काय संबंध? मी हे प्रभूसाठी केलं."

"कोण प्रभू? कोणत्या वार्डातला?"

मी समजावलं, पण तो उठला होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या खामगावात झालं, दाविद समोरच्या पार्टीत गेला, प्रभूभाऊच्या गटात!

*

त्यानंतरचा दीड महिना मी तुम्हाले काय सांगू? काम नाही. एक 'दूध मिळेल', एक 'कुत्र्यापासून सावध', अन् एका ट्रॅक्टरच्या मागं 'आईचा आशीर्वाद', बस. त्यातही हात थरथरायचा. बारा वर्षं बटन दाबणारा हात तो, रेघ सरळ ओढायचं विसरला होता. आशीर्वादातला रफार माझा असा काही वाकडा गेला का ट्रॅक्टरवाला म्हणे, "राहू द्या, मागून कोण वाचते?" रूथची दाळ दिवसेंदिवस पातळ होत होती. पोरीच्या फोनवर दोघंही जोरात हसून बोलायचो. मी रात्री प्रार्थना करायचो, देवा, मी बरोबर केलं का नाही तेवढं तरी सांग. 

मग पिंपळगाव राजाहून इंगळे गुरुजी आले. रिटायर हेडमास्तर, कडक माणूस. "जयभीम," म्हणाले. मी म्हटलं, "सलाम गुरुजी." आम्हा ख्रिस्ती लोकांत सलामच म्हणतात.

त्यांच्या घराची कंपाउंडची भिंत नेमकी स्टँडच्या समोर. बारा महिने तिच्यावर कोणाचा ना कोणाचा फ्लेक्स. गुरुजींच्या खिडकीतून उजेड म्हणून येत नाही. गुरुजी म्हणाले, "भिंतभर लिहून पाहिजे. मोठ्या अक्षरात. 'येथे फ्लेक्स लावू नये.' आणि शुद्धलेखन चुकलं तर पुसायला लावीन."

दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी 'ये' लिहिताना हात इतका हालत होता का मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. स्टँडवरचे लोक उभे राहून पाहत होते. दुपारपर्यंत 'येथे' झालं. दुसऱ्या दिवशी काय झालं देव जाणे, ब्रश भिंतीले टेकला अन् हात एकदम थांबला. थरथर गेली. 'फ्लेक्स'मधला जोडाक्षराचा वळसा मी एका दमात ओढला! खाली उतरून पाहिलं. मोत्यासारखं म्हणत नाही, पण माझं अक्षर होतं, बारा वर्षांपूर्वीचं.

गुरुजींनी चष्मा लावून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत तपासलं. म्हणाले, "पास."

घरी जाऊन मी रूथले म्हटलं, "हात आला परत." ती भांडी तशीच टाकून आली अन् माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडली. मीही.

अन् काम चालून आलं! खामगावच्या दोन दुकानदारांनी भिंतीबद्दल ऐकलं होतं. एकाले कापड दुकानाचा सगळा दर्शनी भाग रंगवायचा होता, दुसऱ्याले चार गोडाऊनवर नावं टाकायची होती. वर्षभराचं काम. म्हणाले, "शुक्रवारी पिंपळगावले येऊन राह्यलो. भिंत पाहू. अक्षर पसंत पडलं तर तिथंच पक्कं करू."

शुक्रवारी सकाळी मी शर्ट घालून राह्यलो होतो अन् गुरुजींचा फोन. आवाज रागानं चढलेला. "दाविद, ताबडतोब ये. तू आल्याशिवाय मी चहा पिणार नाही."

मी गाडी अशी हाणली का रूथ मागून ओरडत होती. स्टँडवर पोचलो तर ही गर्दी! भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा करकरीत फ्लेक्स. वास अजून ताजा होता, अकोल्यात छापलेला.

फ्लेक्सवर मी!

हात जोडलेले. अंगात कोट, माझा नाही, धड दुसऱ्याच कोणाचं होतं. बाळूभाऊनं उठवलेली अफवा समोरच्या पार्टीलेही खरी वाटली होती, अन् त्यायले आनंद झाला होता. खाली अकरा जणांचे हसरे चेहरे, अन् वर फूटभर अक्षरात, "फ्लेक्सचा त्याग करून पर्यावरण वाचवणारे आमचे खंबीर नेतृत्व मा. श्री. दाविदभाऊ यांचे जाहीर हार्दिक अभिनंदन!"

मी जवळ गेलो. कोपरा उचलून मागं पाहिलं. त्यायनं खिळे ठोकले होते. एक खिळा बरोबर माझ्या 'ये'च्या पोटात गेला होता, रंगाचा टवका उडाला होता. 

कापड दुकानवाले शेठ अन् गोडाऊनवाले, दोघंही पिशव्या घेऊन तिथंच उभे. शेठजी एकदा फ्लेक्सकडे पाहत, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "दाविदभाऊ, फोटो छान हाय. पण अक्षर कुठं हाय?"

 तेवढ्यात गर्दी बाजूले सारत, काठी आपटत इंगळे गुरुजी आले. सदऱ्याची बटनं वर-खाली लागलेली, चेहरा लालबुंद. काठी त्यांनी आधी फ्लेक्सवर रोखली, मग माझ्यावर.

"दाविद! 'येथे फ्लेक्स लावू नये' म्हणून तूच लिहून गेलास, अन् तूच येऊन लटकलास?"